तिसरं कोटेशन

चिंचवड,
ता. २६ ऑगस्ट १९७८

सौ. चित्रास,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग हवं तर फाड.

मंगळवारी देहूरोडच्या चढावर जे घडलं ते तू साताऱ्यात शैलाला आणि तिच्या नवऱ्याला कसं रंगवून सांगत असशील, हे मला इथं बसून ऐकू येतंय. म्हणून माझी बाजू लेखी कळवतो. 'ह्यांनी मला पैठणी नेसून गाडीला धक्का मारायला लावलं' हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. मी फक्त 'जरा खाली उतरतेस का?' एवढंच म्हणालो होतो. पैठणी तू तळेगावच्या मंगळागौरीसाठी नेसली होतीस, गाडीसाठी नव्हे. आणि स्टिअरिंगवर कुणीतरी बसायला हवंच होतं. तुला गाडी चालवता येत असती तर मी आनंदानं धक्का मारला असता.

आता नेमक्या त्याच वेळी मागून नंदकिशोररावांची अँबॅसिडर यावी, याला मी काय करू? साताऱ्याहून तळेगावला जायचा रस्ता तोच, मुहूर्त तोच, भाची तीच. पण माणसानं गाडी थांबवावी, काच खाली करावी आणि 'काय मधुसूदनराव, घर ढकलताय वाटतं?' असं विचारून खो खो हसावं? वकील झाला म्हणून काय झालं! साडू आहे माझा, पोटात दुखलं तरी ओवा मागायला मी त्याच्या दारात जाणार नाही. आणि तू पदराला ग्रीस लागलेलं असताना तशीच त्या गाडीत जाऊन बसलीस. मला वाटलं, मंगळागौर आटोपली की येशील. म्हणून मी दोघांचा कुकर लावला. तू परस्पर साताऱ्याला गेलीस हे मला दुसऱ्या दिवशी दूधवाल्या सुभद्राबाईंकडून कळलं. त्यांना कसं कळलं, देव जाणे.

जाताना तू मोठ्या आवाजात जे बोललीस ते जवळच्या पुलावर पहारा देणाऱ्या चार जवानांनीही ऐकलं. 'ही गाडी माझ्या दारात येऊन आपली आपण सुरू होईल, त्या दिवशी मी हिच्यात पाय ठेवीन. मी हिला पुन्हा हात लावणार नाही.' ठीक आहे. अट मान्य.

पण चित्रा, एवढं लक्षात घे. एकतीस वर्षं मी कंपनीच्या खरेदी खात्यात घासली. दर मे महिन्यात तू म्हणायचीस, लोक कुठं कुठं जातात, आपण मात्र क्वार्टर ते मंडई. दर वर्षी मी म्हणायचो, हा मार्चएंड जाऊ दे. ते मार्च काही संपले नाहीत. म्हणून रिटायर झाल्यावर देहूरोडच्या लिलावात ती जुनी लष्करी अँब्युलन्स घेतली. आत खाट बसवली, स्टोव्हला फळी केली, छताला पंखा लावला, तुझ्या उंचीला खिडकी पाडली. गोकर्णाला समुद्र बघायचा ना तुला? लॉज नको, नातेवाईक नको, आपलं घर आपल्याबरोबर. ही कल्पना ऐकून तू पहिल्यांदा हसली होतीस ते मला आठवतंय.

दोष गाडीचा नाही. बॅटरीचा आहे. लिलावात गाडीबरोबर आलेली बॅटरी म्हातारी झाली आहे आणि इंजिन फिरवायचं हँडल लिलावात आलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांना पंखा आणि दिवा दाखवण्यात बॅटरी किती खर्च झाली, हा मुद्दा इथं गैरलागू आहे. मी नवी बॅटरी घेतो आहे. रीतसर चौकशी करून घेईन.

तुझा,
मधुसूदन

ता. क. साखरेचा डबा कुठला? तीन सारखे डबे आहेत आणि दोनांत मीठ निघालं. देवपूजा मी करतो आहे. एकूण देव किती आहेत ते कळव, म्हणजे आंघोळ झाल्यावर मोजून परत ठेवता येतील.


चिंचवड,
ता. १० सप्टेंबर १९७८

सौ. चित्रास,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मजकूर असा: 'साखर पितळी झाकणाच्या डब्यात. देव सात. शिशानं तोंड झाळलेला तांब्याचा गडू हलवू नका, आईनं काशीहून आणलेलं गंगाजल आहे, आपल्या दोघांच्या शेवटच्या घोटाचं.' बस्स! गाडीविषयी एक अक्षर नाही. तब्येतीची चौकशी नाही. मी जेवतो का उपाशी असतो, याची तुला काळजी नाही. गडूची मात्र आहे! असो. गडूबाबतची सूचना नोंदवली.

बॅटरीचं काम सुरू केलं आहे. पिंपरी स्टेशनाबाहेर हनीफ म्हणून एकाचं बॅटरीचं दुकान आहे. माणूस फार बोलतो. मी गाडी दाखवायला नेली (ढकलत. सुभद्राबाईंचा मुलगा आणि त्याचे मित्र होते). त्यानं आत डोकावून पंखा बघितला, दिवा बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खूनच केलाय.

"साहेब, पंखा याच बॅटरीवर?"

"हो."

"लाइट पण?"

"हो."

"और स्टार्टर?"

"तोही. दुसरी आहेच कुठं?"

"मग बिचारी मरणार नाही तर काय करणार!" म्हणून त्यानं कपाळाला हात लावला. मग त्यानं समजावलं. ज्या गाडीत माणसं राहतात तिला दोन बॅटऱ्या लागतात. एक इंजिनाची, एक घराची. मध्ये स्विच. घरात कितीही पंखा फिरवा, इंजिनाच्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही. मला पटलं. पण पटलं म्हणून लगेच घ्यायची का? मी म्हटलं, कोटेशन द्या.

"कोटेशन म्हणजे?"

"लिहून द्यायचं. काय देणार, कुठल्या कंपनीची, हमी किती."

"साहेब, मी तोंडानं सांगतोय ना. तुम्ही चहा घ्या."

चहा घेतला, चांगला होता. पण लेखी काही मिळालं नाही. तुला माहीत आहे, तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय मी आयुष्यात टाचणीसुद्धा घेतलेली नाही. आता पहिल्यांदाच स्वतःच्या घरासाठी काही घेतोय, तर तिथं ढिलाई करू?

गणपती बसवले होते. मोदक मी केले. त्यांना मोदक म्हणायचं की नाही यावर मतभेद होऊ शकतात. सुभद्राबाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "बाईसायेब कवा येणार?" मी म्हटलं, लवकरच. "व्हय, लवकर बोलवा," म्हणाल्या आणि दुसरा घेतला नाही.

मधुसूदन

ता. क. गाडीवरचा लाल क्रॉस मी दोनदा पांढऱ्या रंगानं झाकला, पण उन्हात तो पुन्हा दिसतो. काल थेरगावचे एक गृहस्थ आजोबांना पाठुंगळी घेऊन आले आणि खाटेवर झोपवून मोकळे झाले. आजोबांना खाट फार आवडली. उठेनात. शेवटी चहा पाजून उठवलं.


चिंचवड,
ता. २२ सप्टेंबर १९७८

सौ. चित्रास,

तिन्ही कोटेशनं कशी आली ते सांगतो.

पहिलं चिंचवड स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातलं. तिथला विक्रेता ज्योतीराम, टाय लावून बसतो. छापील कागदावर कोटेशन, खाली सही, शिक्का. बॅटरी मालमोटारीची, नवी कोरी, वजनदार. मी खूश झालो. फक्त घरी येऊन गाडीच्या पायरीखालची बॅटरीची पेटी मोजली तेव्हा कळलं की बॅटरी आत गेली तर झाकण लागणार नाही आणि झाकण लावलं तर बॅटरी आत जाणार नाही. ज्योतीरामला सांगितलं. म्हणाला, "सर, मग पेटी बदला ना." मी त्याला म्हटलं, पेटी बदलायची तर गाडी बदलावी लागेल आणि गाडी बदलायची तर बायको मिळणार नाही. त्याला कळलं नाही. अजून लग्न झालेलं नसावं.

दुसरं देहूरोडच्या जयसिंगचं. तो जुना लष्करी माल विकतो. "सायेब, ह्या दोन घ्या, जोडून लावा. मिल्ट्रीचा माल हाय, मरत न्हाई," असं छातीवर हात ठेवून म्हणाला. एक लावून बघितली. मेलेलीच होती. दुसरी लावली. ती पहिलीच्या दुःखात असावी. जयसिंग म्हणतो, "जरा दम द्या की, झोपल्यात." मी दम दिला. जयसिंगला.

तिसरं हनीफचं. त्यासाठी तीन चकरा झाल्या. दर वेळी चहा, दर वेळी गप्पा, कागद नाही. शेवटी मी आवाज चढवला. तेव्हा आतून त्याची बायको बिल्किस बाहेर आली, हातातली कणीक पुसली आणि म्हणाली, "दो लाइन लिखने में क्या जाता है? द्या, मी लिहिते." अक्षर इतकं सुरेख की कंपनीत असती तर मी तिला स्टोअरला घेतली असती. इंजिनाला मध्यम बॅटरी, घराला लहान, मध्ये स्विच, एक वर्ष हमी, आणि खाली तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, 'पंखा जपून.'

तर मी तिघांचा तुलनात्मक तक्ता करून तुला गेल्या आठवड्यात नुसताच पाकिटात घालून पाठवला होता. आकार, वजन, हमी, विक्रेत्याची वागणूक. अभिप्रायासाठी पाठवला होता, चित्रा! आणि तुझं उत्तर काय? 'तक्ता पाहिला. लग्नाच्या वेळी मलाही असाच रकान्यांत बसवला होता का? तुम्ही त्या वर्षी तीन मुली पाहिल्या होत्या. मी तिसरी. म्हणजे मी तिसरं कोटेशन.'

हे तू नंदकिशोररावांच्या समोर वाचून दाखवलंस, असंही शेवटी लिहिलं आहेस. ते फार हसले म्हणे.

आता उत्तर ऐक. मुली तीन पाहिल्या, हे खरं. पण खरेदी खात्याचा साधा नियम आहे, सर्वांत स्वस्त ते घ्यावंच असं नाही. पहिली गात होती, दुसरीच्या वडिलांचं स्वतःचं घर होतं. तू पोह्यांची बशी माझ्या हातात देताना म्हणालीस, 'मीठ कमी आहे, हवं तर मागून घ्या.' मी मागितलं नाही. ते पोहे तसेच खाल्ले आणि घरी येऊन आईला सांगितलं, हीच. इथं कुठला रकाना आला? हे त्या वकिलाला वाचून दाखव.

मधुसूदन


चिंचवड,
ता. १ ऑक्टोबर १९७८

चित्रा,

तुझं पत्र कालच्या टपालानं आलं. दोनदा वाचलं. शैलाच्या बालक मंदिरात दिवाळीनंतर एका बाईंची जागा रिकामी होते आहे आणि ती तुला विचारते आहे, असं लिहिलंस. 'मला मुलं आवडतात, इथं वेळ बरा जातो, मनाला पटतंय' असंही. आणि शेवटी, 'दसऱ्याला गाडी दारात आली आणि आपली आपण सुरू झाली तर येईन. नाही आली तर मी शैलाला होकार देते. गाडीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.'

अगं, हे काय! मला वाटलं तू रुसली आहेस. रुसणं म्हणजे आठवडा, महिना. नोकरी म्हणजे पुन्हा मार्चएंड! मला राग आला, खूप आला, आणि मग राग गेल्यावर जे राहिलं ते फार वाईट होतं. घरात कुठंही बसलो तरी भिंतीवरचं घड्याळच ऐकू येतं.

म्हणून तडक हनीफकडे गेलो आणि म्हटलं, तिसरं कोटेशन मंजूर. त्यानं विचारलं, "एकदम कसं काय?" मी म्हटलं, तातडीची खरेदी. बिल्किस आतून म्हणाली, "भाभी का खत आया होगा." या बायकांना कळतं कसं, काय माहीत.

दोन्ही बॅटऱ्या बसल्या. पायरीखालच्या पेटीत इंजिनाची, खाटेखाली घराची. हनीफनं नियम सांगितले. दर आठवड्याला झाकणं उघडून बघायचं, पाणी खाली गेलं असलं तर वर आणायचं. "डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं घालाल तर साहेब, माझ्याकडे रडत येऊ नका." मी म्हटलं, रडत येणाऱ्यांतला मी नव्हे.

मग किल्ली फिरवली. काय सांगू तुला! एका झटक्यात! हूं नाही, चूं नाही, एकदम सुरू! सुभद्राबाईंच्या म्हशीसुद्धा वळून बघायला लागल्या. मी कॉलनीला एक फेरी मारली. वळणावर सवयीनं शेजारच्या सीटकडे बघून म्हणालो, "दार नीट लाव गं." तिथं कुणी नव्हतं. पुढं फेरी मारायची इच्छाच राहिली नाही. गाडी परत आणून लावली.

दसऱ्याला येतो. गाडी आपली आपण सुरू होईल. होकार देऊ नकोस.

तुझा,
मधुसूदन


चिंचवड,
ता. ९ ऑक्टोबर १९७८

चित्रा,

सगळं व्यवस्थित आहे. काळजीचं काहीही कारण नाही.

काल रविवारी एक छोटीशी गोष्ट झाली, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. कंपनीतल्या गुरुदत्तकडून मी बॅटरी चार्ज करायचं यंत्र आणलं होतं. साताऱ्याचा घाट, मध्ये दगा नको, म्हणून इंजिनाची बॅटरी गळ्यापर्यंत भरून घ्यावी असं ठरवलं. सकाळी लावली. किती वेळ ठेवायची हे गुरुदत्तनं सांगितलं होतं, पण मी म्हटलं, जरा जास्त. आपल्याकडून कमी पडायला नको. दरम्यान मी तुझ्यासाठी खाटेवर चादर घालत होतो, निळ्या फुलांची, आणि खिडकीला पडदा शिवत होतो. पडदा सरळ यायला वेळ लागला. बाहेर आलो तर बॅटरी चहाच्या आधणासारखी आवाज करत होती आणि गॅरेजभर आंबूस वास. झाकणं उघडली तर दोन कप्प्यांतलं पाणी आटून पट्ट्या उघड्या पडलेल्या!

रविवार. हनीफ बायकोच्या माहेरी चाकणला. औषधांची दुकानं बंद. चिंचवड स्टेशन पालथं घातलं, आकुर्डीला जाऊन आलो, कुठं डिस्टिल्ड वॉटरचा थेंब नाही. ज्योतीरामचं दुकान बंद. जयसिंगकडे होतं म्हणाला, पण बाटलीत मासा दिसला. आणि दसरा बुधवारी. सुभद्राबाई म्हणाल्या, "पाणी ते पाणी, वता की." मी त्यांना शांतपणे समजावलं की हे शास्त्र आहे.

तर सांगायचं म्हणजे, पाण्याची सोय झाली. मी नळाचं पाणी घातलेलं नाही. विहिरीचं नाही. पवनेचंही नाही. अतिशय पवित्र — हा शब्द खोडला आहे, वाचू नकोस — अतिशय स्वच्छ, बंद भांड्यातलं, वर्षानुवर्षं न नासलेलं पाणी मिळालं. कुठून, हा प्रश्न गौण आहे. कप्पे भरले, झाकणं लावली, किल्ली फिरवली, गाडी झक्क सुरू झाली. याचा अर्थ पाणी योग्य होतं.

आज सकाळी हनीफ आला. त्याच्याकडून एक किरकोळ झाळकाम करून घेतलं. त्याच्याकडे शिसं असतंच. कशाचं काम ते लिहिण्याएवढं महत्त्वाचं नाही.

बाकी घर जसं सोडून गेलीस तसंच आहे. साखर पितळी झाकणाच्या डब्यात. देव सात. देवघरातला गडू जागेवर आहे.

तुझा,
मधुसूदन


पोस्टकार्ड
चिंचवड, खंडेनवमी

चित्रा, आज कंपनीत सगळ्या यंत्रांना हार घालून पूजा झाली. मीही गाडीची केली. हळदकुंकू बॅटरीला लांबूनच वाहिलं, कारण गेल्या वर्षी कुणीतरी तांब्याचं ताम्हन बॅटरीवर ठेवलं आणि दोन टोकं जुळून ताम्हनाला भोक पडलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. उद्या उजाडताच निघतो. आपट्याची पानं घेऊन येतो. पैठणीच नेस असं नाही. — म.


चिंचवड,
ता. १८ ऑक्टोबर १९७८

प्रिय शैला,

पोचलो, सुखरूप. नंदकिशोररावांच्या कमरेचा ठणका कसा आहे? रात्री एरंडाच्या पानानं शेक दे आणि जड काही उचलू देऊ नकोस. पुन्हा एकदा त्यांचे आभार. तुमच्या आळीतला एक वकील भर सकाळी धोतर सावरत गाडी ढकलतोय, हे बघायला शेजारचे सगळे ओट्यावर आले होते, ते मला सीटवरून छान दिसलं. 'काय नंदकिशोरराव, घर ढकलताय वाटतं?' असं ह्यांनी म्हटलं नाही, यातच ह्यांची किती प्रगती झाली आहे ते बघ.

तू त्या दिवसापासून माझ्यावर चिडली आहेस. 'ताई, तुझीच अट होती ना? दसऱ्याला दारात आली तेव्हा फुरफुरत होती, दोन दिवस उभी राहिली आणि तिसऱ्या सकाळी मेली. मग तू त्या गाडीत जाऊन बसलीसच कशी?' असं सगळ्यांच्या देखत विचारलंस आणि मी उत्तर न देता दार लावून घेतलं. आता देते.

पहिली गोष्ट, माझी अट होती की मी हात लावणार नाही. मी लावला नाही. पदरसुद्धा लागू दिला नाही. पण हे वकिली उत्तर झालं, ते तुझ्या नवऱ्याला सांग.

खरं असं आहे. ह्यांचं नऊ तारखेचं पत्र तुला वाचून दाखवलं होतं ना? तू 'आंबूस वास' ऐकून हसत होतीस. मी शेवटच्या ओळीशी अडकले होते. ज्या माणसाला लग्नाला इतकी वर्षं होऊन आपल्या देवघरात किती देव आहेत ते ठाऊक नाही, जो देव मोजून परत ठेवतो, तो न विचारता लिहितो, गडू जागेवर आहे. ती ओळ मी मनातल्या मनात पुन्हा वाचली. तुला बोलले नाही. म्हटलं, असेल काही दुसरं. उगीच माणसावर संशय नको.

मग त्या सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी गप्प. नंदकिशोरराव वाकून बॅटरी बघायला लागले आणि म्हणाले, "मधुसूदनराव, यात पाणी कुठलं घातलंत?" त्यांनी सहज विचारलं. पण मी ह्यांचा चेहरा पाहिला. हा माणूस खोटं बोलला की कानाच्या पाळ्या लाल होतात, लग्नाआधी पोहे खाताना झाल्या होत्या तशा. कमी मिठाचे पोहे खाऊन 'उत्तम झालेत' म्हणाला होता.

शैला, ते आईनं डोक्यावर वाहून आणलेलं पाणी होतं. शेवटच्या क्षणी तोंडात घालायचं. तिच्या माघारी मी इतकी वर्षं जपलं, दर दिवाळीला गडू चिंचेनं घासला. राग नाही आला असं कसं म्हणू? आला, असा आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी मनात आलं, मरताना माझ्या तोंडात घालायचं पाणी ह्या माणसानं मला घरी न्यायला खर्च केलं. दुसरा कुणी असता तर त्यानं मुकाट्यानं तुझ्या दारात बसनं येऊन हात जोडले असते, ते सोपं होतं. ह्यांना ते सुचलं नाही. ह्यांना गाडीच सुरू करायची होती, कारण मी तसं म्हटलं होतं. म्हणून मी जाऊन बसले. शेजारच्या सीटवर निळ्या फुलांची चादर घडी करून ठेवली होती, मी थंडीनं कुडकुडू नये म्हणून. आणि पडदा तू पाहिलास ना? एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली. मी तो सरळ करणार नाही.

घरी आल्यावर देवघरात गेले. गडू जागेवर होता. तोंडावर नवं कोरं शिसं असं चमकत होतं की अंधारातही दिसावं. हलवून पाहिला. भरलेला आहे. नळाचं पाणी असणार. त्यात नळाचं पाणी आहे हे ह्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे ह्यांना ठाऊक नाही. सकाळी पूजेला बसले की हे दारात येऊन उभे राहतात, गडूकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "साखर हवी आहे का गं?" हवी नसली तरी मी हो म्हणते. पितळी झाकणाचा डबा घेऊन येतात. हा खेळ मी अजून महिनाभर तरी चालवणार आहे.

त्या हनीफनं इंजिनाची बॅटरी धुऊन, नवं पाणी भरून दिली. म्हणाला, "भाभी, पाणी पाक असेल, पण बॅटरीला पाक नाही, साफ पाहिजे." ह्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. म्हणजे त्यालाही माहीत आहे. बिल्किसनं मला आत बोलावून चहा दिला आणि दोघी मिळून खूप हसलो.

दिवाळी झाली की आम्ही गोकर्णाला निघतो. मरायच्या वेळची सोय आता राहिली नाही, तेव्हा जगायचं ते आधी उरकून घ्यावं. पंखा जपून लावू.

तुझ्या बालक मंदिराला मी येत नाही, राग मानू नकोस. दुसरी बाई बघ. पण पहिलीवरच थांबू नकोस, तीन जणी बघ. तिसरी बरी निघते.

तुझी,
चित्राताई